तिसऱ्या बाईच्या हातातली कात्री

मोहाडी, १८ ऑगस्ट २००३

रंजू,

किती महिन्यांनी तुझं पाकीट आलं, आणि उघडून पाहते तर फोटो हातभर आणि पत्र चार ओळींचं. आशीर्वाद आधी घे, मग बोलणी खा. बाबुलाल पोस्टमनने पाकीट न दुमडता जपून आणलं. म्हणाला, मोठ्या ठिकाणचं दिसते. मी म्हटलं, ठिकाण मोठं आहे, लिहिणारी कंजूस आहे.

तू लिहितेस की हे चित्र इटलीतलं, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं. कलकत्त्याजवळ कुठल्याशा जमीनदाराच्या हवेलीत धूळ खात पडलं होतं आणि आता तुमच्या संग्रहालयात साफ करायला आलं आहे. कुणी काढलं ते माहीत नाही, त्याचा अर्थ काय तेही पक्कं नाही, आणि तुमच्याकडचे जाणते लोक त्यावरून भांडत असतात. पुढे एक ओळ, 'आई, तुझा जन्म धाग्यात गेला, यात तुला काय दिसतं ते लिही.' खलास. जेवतेस का, झोपतेस का, त्याचं एक अक्षर नाही.

तर पाहिलं. चष्मा लावून पाहिलं, दारात उजेडाला नेऊन पाहिलं. तीन बाया आहेत. पहिली तरणी, ती काठीला गुंडाळलेल्या लोकरीतून धागा ओढते. आपण रेशमाच्या कोसल्यातून मांडीवर ओढतो, ती हवेत ओढते, एवढाच फरक. दुसरी हात पसरून तो धागा मापते. तिसरी वयानं मोठी, तिच्या हातात कात्री. कात्री उघडी आहे, पण धागा पात्यांच्या मधे आहे की मागे, ते काही केल्या कळत नाही. आणि बाकीच्या दोघी आपल्या कामात असताना ही मेली सरळ आपल्याकडे बघते. हसते की रडते, तेही कळू देत नाही. पायाशी कुत्रं झोपलेलं, खिडकीत डाळिंब, खिडकीबाहेर रस्ता, आणि कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची.

तुमच्यातल्या एकाचं म्हणणं की कात्री म्हणजे मरण, आयुष्याचा धागा तुटला. मला नाही पटलं. आपल्या घरात कात्री कधी निघते? साडी पुरी झाली की. बाबा मागाला हात जोडतात, मी कुंकू लावते, मग ते साडी कापून उतरवतात आणि गूळ वाटला जातो. लहानपणी तो गूळ घेऊन आळीभर तूच पळायचीस. कापल्यावर धाग्यांची टोकं मागात तशीच राहतात आणि पुढच्या साडीच्या ताण्याचा एकेक उभा धागा त्यांना पिळून जोडायचा असतो. कोष्ट्याच्या घरात कात्रीला कुणी भीत नाही.

आता कुत्रं बघ. दारात परकं माणूस आलं असतं तर ते झोपलं असतं का? म्हणजे येणारं माणूस घरचंच आहे. डाळिंब भरल्या घराचं. रस्ता येण्याचा. आणि खुर्ची कुणासाठी रिकामी ठेवतात ते मी तुला सांगायला नको.

हे सगळं जुळवत बसले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू तोंडानं कधी सांगणार नाहीस, बापावर गेली आहेस. साक्षगंध चार दिवसांवर असताना तू तुमसरहून गाडी धरलीस, तेव्हाही चिठ्ठी ठेवली नव्हतीस. उशीवर फक्त कलकत्त्याच्या प्रवेशाचा कागद ठेवला होतास, ज्याला समजायचं त्यानं समजावं म्हणून. बाबांना गोंदियाला जाऊन मुलाकडच्या लोकांसमोर टोपी काढून उभं राहावं लागलं. गोंदिया तेव्हा नुकतंच आपल्या जिल्ह्यातून वेगळं झालं होतं, आणि बाबा म्हणायचे, जे उरलं होतं ते पोरीनं तोडलं. तेव्हापासून या घरात तुझं नाव मी एकटीच घेते.

असो. समजलं मला. कुणाला काही सांगत नाही. दिवाळीला फराळ जरा जास्त करते, एवढंच.

तुझी आई

मोहाडी, १४ सप्टेंबर २००३

रंजू,

कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं, पण माझ्या पोटात काही राहतं का?

बाबा मागाच्या खड्ड्यात बसून नुसते पाय हलवत होते. आता काम फारसं नसतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून सांगितलं की माग बंद करा, धाग्याची धूळ तुम्हाला सोसत नाही. बंद करतील तर ते तुझे बाबा कसले? मी धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरत होते आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं, की रंजूचं पत्र आलं, तिनं चित्र पाठवलं. त्यांचे पाय हलतच होते. मी चित्र मोठ्यानं वाचलं, तुला लिहिलं तसंच. कात्रीपाशी आल्यावर त्यांचे पाय थांबले.

"काय म्हणते पोरगी?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, रंजू. आता चार ओळींचं पत्र वाचून दाखवलं असतं तर काय राहिलं असतं? मी कागद हातात धरला आणि थोडं माझ्या पदरचं घातलं. बाबांचा खोकला कसा आहे, असं तू विचारल्याचं वाचलं. घराची आठवण येते, असं वाचलं. दिवाळीचं मात्र तोंडातून कसं निघून गेलं ते मलाही कळलं नाही. येईन म्हणते, असं वाचून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडून जपून ठेवलेलं कोसा रेशीम काढलं. आठवड्यात ताणा चढला. करवतीची साडी करतात, दातेरी लाल काठाची. कुणाची, ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. करवत काठाला तीन धोटे लागतात आणि समोरच्या बाजूनं धोटा द्यायला माणूस लागतं, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या जागी आता मी बसते. माझा हात तुझ्यासारखा चालत नाही, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. करवतीचा एक दात चुकला की उसवायला लावतात.

डॉक्टरचं म्हटलं, तर म्हणाले की डॉक्टरला साडी नेसायची नाही. रोज संध्याकाळी विचारतात की आणखी काही लिहिलं होतं का. मी तेच पत्र रोज थोडं थोडं वाढवून वाचते. तुझ्या चार ओळींचं आता चांगलं तीन पानी पत्र झालं आहे.

तर दिवाळीला ये. रजेचा अर्ज आत्ताच टाक.

तुझी आई

मोहाडी, ७ ऑक्टोबर २००३

रंजू,

तुझं पत्र मिळालं. या वेळी दोन पानं लिहिलीस आणि वाचून वाटलं, चार ओळीच बऱ्या होत्या.

'आई, मी फक्त चित्राबद्दल विचारलं होतं.' हे वाक्य तू लिहिलंस, मी ते वाचलं, मग चुलीपाशी जाऊन पुन्हा वाचलं. तिसरीच्या कात्रीपाशी धागा ताणलेला आहे की सैल, एवढंच तुला हवं होतं. सैल असेल तर कात्री चालून गेली, ताणलेला असेल तर चालायची आहे, आणि त्यावर तुमचा वाद. मी कुत्र्यापासून खुर्चीपर्यंत सगळं लिहिलं आणि नेमकं तेच लिहिलं नाही. तू हसली असशील. हसली असशील तर बरं.

आणखी तू लिहितेस की कसल्या यंत्रातून पाहिलं तर रिकाम्या खुर्चीवर आधी एक माणूस होता. म्हातारा, दाढीवाला, बायांकडे बघत बसलेला. नंतर कुणीतरी त्याच्यावर रंग देऊन नुसती खुर्ची ठेवली. चित्रकारानंच पुसला की पुढच्या मालकानं, तो मेला म्हणून पुसला की भांडण झालं म्हणून, यावर पुन्हा दोन तट पडले. आता रंग खरवडून त्याला बाहेर काढायचं की राहू द्यायचं, हे ठरेपर्यंत तुम्हा कुणालाच रजा नाही.

हे मी बाबांना वाचून दाखवलं नाही. हे पत्र आलंच नाही असं सांगितलं.

तुझ्याकडे मागायला मला कसंसं वाटतं, पण मागते. साडी निम्मी झाली आहे. माणूस दम खायला थांबतो आणि पुन्हा धोटा मारतो. मी म्हटलं, शेजारच्या धनीरामला बोलवा, आता दुकान चालवत असला तरी हात मागाचा आहे, तो उरलेली विणेल. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा धोटा हातात घेतला. तू दोन दिवस ये. चित्रात काही नव्हतं हे त्यांना सांगू नकोस. नुसती दारात उभी राहा, बाकीचं मी पाहते. चूक माझी आहे, पण ती निस्तरणं तुझ्या हातात आहे.

तो म्हातारा पाचशे वर्षं रंगाखाली बसला आहे. आणखी आठ दिवस बसेल.

आई

मोहाडी, ९ नोव्हेंबर २००३

रंजू,

दिवाळी झाली. तुझा फोन धनीरामच्या दुकानात आला, मी धावत गेले तोवर कट झाला होता. रजा मिळाली नाही, एवढा निरोप त्यानं दिला. मी समजू शकते. नोकरी आहे.

साडी पुरी झाली. बाबांनीच कापून उतरवली, छान झाली आहे. थंडी सुरू झाल्यानं खोकला थोडा वाढला आहे, मधे ताप होता, आता उतार आहे. दिवसा अंगणात खाट टाकून उन्हात बसतात. तुला बोलावू का, असं विचारलं होतं. येऊ नको म्हण, असं म्हणाले. तेव्हा उगाच धावपळ करू नकोस, तुझं काम पुरं होऊ दे.

चिवडा आणि अनारसे बाबुलालच्या हातून पार्सल केले आहेत. अनारसे फुटले असतील तर चमच्यानं खा.

तुझी आई

मोहाडी, ११ जानेवारी २००४

रंजू,

बाबांची तेरवी आटोपून तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तू असताना घर माणसांनी भरलेलं होतं, आणि एकट्या सापडलो तेव्हा तू एकच गोष्ट विचारलीस. 'आई, तूच तर लिहिलं होतंस की बाबा बरे आहेत.' मी पोळपाट धूत होते. धुतलेला पोळपाट पुन्हा धुतला. तू उत्तराची वाट पाहून उठून गेलीस. ते उत्तर आता लिहिते, कारण तोंडानं मला जमणार नाही.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी साडी कापली. कुंकू आणू का म्हटलं, तर नको म्हणाले. गूळही नको. घडी घातली आणि पेटीवर ठेवली. चार दिवसांनी ताप चढला. दुपारी मी खाटेपाशी बसून म्हटलं, रंजूला बोलावते.

"येऊ नको म्हण तिले," ते म्हणाले. "मी काय मरून राहिलो? तिकडं तिचं काम असन."

मग म्हणाले, ते चित्र आण. मी आणून दिलं. त्यांनी ते उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिलं. मी मनात जमवाजमव करत होते की आता काय वाचून दाखवायचं, पण त्यांनी वाच म्हटलंच नाही.

"हे नुसतं चित्र आहे ना?"

मी मान खाली घातली.

"तू वाचत होती ते तुह्या बोलण्यावानी होतं, तिच्या नाही. मले पहिल्याच दिवशी मालूम झालं."

"मंग साडी विणली कायले? छातीचं एवढं झालं तरी?"

"तू वाचून राहिली होती ना," ते म्हणाले. "बरं वाटे."

त्यांनी चित्र परत दिलं आणि डोळे मिटले. मला एवढी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. खोटं पकडलं गेल्याची लाज, दुसरं काही नाही. त्या लाजेपायी ठरवलं की आता त्यांच्या शब्दात आपला एक शब्दही घालायचा नाही. ते म्हणतील तेच लिहायचं. येऊ नको म्हणाले, तर येऊ नको. पुरे झाला आपला शहाणपणा. म्हणून तुला तसं पत्र लिहिलं. लिहिताना मी खरं तेच लिहीत होते, रंजू. शब्द अगदी त्यांचेच होते.

आता पुढचं ऐक, जे मी तुला सांगितलं नाही.

त्यानंतर एकदा त्यांनी विचारलं की हावड्याची गाडी तुमसरला अजून थांबते का. मी म्हटलं, थांबते, का? म्हणाले, सहज. दुसऱ्या दिवशी गादी उन्हात टाकायला सांगितली, तुझी, आतल्या खोलीतली. मी म्हटलं, कुणी झोपत नाही त्यावर, कशाला? म्हणाले, ओल आली असन. खाट फिरवून फाटकाकडे तोंड करून टाकायला लावली. ऊन तिकडे नव्हतंच, तरी म्हणाले, उन्हासाठी. आणि उभ्या जन्मात शनिवारी ज्यानं वस्तरा लावू दिला नाही, त्या माणसानं शनिवारी खुशाल न्हाव्याला बोलावून दाढी केली. रविवारी तुला सुट्टी असते. त्या रविवारी त्यांनी दुपारचं जेवण उशिरापर्यंत घेतलं नाही. भूक नाही म्हणाले. मला वाटलं, तापानं तोंडाची चव गेली.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. खाट मी फिरवली, गादी मी उचलली, खुशालला निरोप मी धाडला. एक गोष्ट दुसरीला जोडून पाहावी, असं मला एकदाही सुचलं नाही. परक्या देशातलं, परक्या माणसाचं चित्र, त्यातल्या झोपलेल्या कुत्र्यावरून मी तुझं येणं ठरवलं होतं. आणि ज्याच्यासमोर बसून दोन महिने धोटा दिला घेतला, त्याची शनिवारची दाढी मला कळली नाही. पुढच्या आठवड्यात श्वास लागला. भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्या संसारात मी त्यांचं कधी ऐकलं नाही. नको म्हटलेली गाय घेतली, नको म्हटलं तरी तुला नागपूरला चित्रकलेला घातलं. ते नको म्हणायचे, मी करायचे, आणि नंतर तेच कौतुकानं सांगत फिरायचे. त्यांच्या नकोचा अर्थ मला ठाऊक नव्हता, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? एकदाच ऐकलं त्यांचं. तेच एकदा ऐकायला नको होतं.

तू मला माफ कर असं लिहिणार होते, पण तो शब्द लिहून खोडला आहे. तुझ्यावर त्याचं ओझं नको. साडी तू न सांगता नेलीस, ते मी पाहिलं. पेटीवरची जागा मोकळी दिसली तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडले.

परवा तुझं कार्ड आलं. 'मी ठीक आहे. तू इकडे येऊ नको, खोली लहान आहे.' बाबुलालनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं, चष्मा घरात होता. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

धनीरामनं भंडाऱ्याहून माझं तिकीट आणलं आहे. शुक्रवारी तुमसरहून बसते, शनिवारी हावड्याला उतरते. स्टेशनावर आलीस तर ये, नाही आलीस तर पत्ता माझ्याजवळ आहे. खोली लहान असेल तर मी खाली झोपेन.

आई